दहिवराच्या आदल्या रात्री

"मागं दिसतीये ती अंबाडी का गं?" दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं.

इथे कॅनडात सकाळचे साडेआठ, निफाडजवळच्या आमच्या गावात संध्याकाळचे सहा. शेजारच्या आजींच्या परसात उभी राहून मी त्यांना टोमॅटो दाखवत होते, पण त्यांचं लक्ष टोमॅटोकडे नव्हतंच. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा शेतकरी फोनच्या कोपऱ्यात दिसणारं पानही सोडत नाही. अंदाज तसा फार चुकला नव्हता. अंबाडीचं पान या झाडाच्या पानासारखं दिसतं म्हणून तर तिचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस.

"अंबाडी नाही दादा. गांजा आहे."

पलीकडे शांतता. मग आवाज एकदम खाली. "फोन ठेव. मी करतो."

दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला तेव्हा ते बांधावर जाऊन उभे होते. घरात कुणी ऐकू नये म्हणून. पुढचे चार दिवस मी त्यांना एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगत होते: झाड माझं नाही, ज्यांचं आहे त्यांच्याकडे कागद आहे, आणि पोलीस येणार नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "पाणी किती देतीये ती?" तेव्हा मला कळलं की आता काळजी मिटली आणि शेती सुरू झाली.

आम्ही ऑन्टारिओतल्या केंब्रिज गावात राहतो, ग्रँड नदीच्या काठच्या जुन्या वस्तीत. आमच्या आसपास पोर्तुगीज कुटुंबं बरीच आहेत, बहुतेक अझोर्स बेटांवरून आलेली. शेजारच्या आजींना गल्लीतली सगळी पोरं 'वोवो' म्हणतात, म्हणजे आजीच. त्यांच्या परसात लोखंडी मांडवावर द्राक्षाचा वेल, खाली केल नावाच्या पालेभाजीची लांबच लांब रांग आणि टोमॅटो. पहिल्यांदा तो मांडव पाहिला तेव्हा मी कुंपणापाशी बराच वेळ उभी होते. वेल बांधायची पद्धत वेगळी, द्राक्ष काळं आणि जाड सालीचं, आमच्या थॉमसनशी काही नातं नसलेलं, पण छाटणीनंतर राहिलेली काडी तीच.

तीन वर्षांपूर्वी वोवोंना नागीण झाली. उजव्या बगलेखालून पाठीपर्यंत पट्टा उठला. पुरळ महिन्याभरात गेलं, आग राहिली. नागीण गेली तरी तिचं वळवळणं जात नाही असं आमची आजी म्हणायची. मला ती गावठी भीती वाटायची. आता डॉक्टरांच्या भाषेत त्याला लांबलचक नाव आहे एवढंच. वोवोंना सदऱ्याचं कापड लागलेलं सहन होत नाही, हात खांद्याच्या वर जात नाही, आणि रात्री तर विचारूच नका. मज्जातंतूंच्या दुखण्यावरच्या नेहमीच्या गोळ्या झाल्या. त्यांनी गुंगी इतकी यायची की त्या दोनदा न्हाणीघरात पडल्या. मग त्यांच्या डॉक्टरांनी कागद लिहून दिला: दिवसाला १ ग्रॅम.

त्या १ ग्रॅमचं गणित मला फार आवडलं. हेल्थ कॅनडाच्या, म्हणजे इथल्या आरोग्य खात्याच्या, हिशेबानं दिवसाला १ ग्रॅमची परवानगी असेल तर घरात दिव्यांखाली ५ झाडं लावता येतात, किंवा उघड्यावर २. कारण घरातल्या झाडाचं पीक लहान पण वर्षातून तीनदा; बाहेरचं झाड वर्षात एकदाच, पण तगडं. सुकलेला माल त्याला अडीचशे ग्रॅम धरतात. शाळेला किंवा मुलांच्या मैदानाला लागून असलेल्या जागेत उघड्यावर लावता येत नाही. कुठल्या तरी कचेरीत बसून कुणी बागायत आणि कोरडवाहू यांचा हिशेब मांडावा तसं हे वाटतं. इथे औषधासाठीचा हा रस्ता कोर्टातून निघाला. २००० साली ऑन्टारिओच्या अपील न्यायालयानं एका अपस्माराच्या रुग्णाच्या बाजूनं निकाल दिला, २००१मध्ये त्यासाठी नियम झाले. सगळ्या सज्ञान लोकांसाठी कायदा बदलला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १७ ऑक्टोबर २०१८ला. ऐन सुगीत. हा योगायोगच असणार, पण वोवोंना तो पटत नाही.

औषध म्हणून याचं कौतुक मी फार करणार नाही. मज्जातंतूंच्या वेदनेवर काहींना थोडा उपयोग होतो, तोही बाकीचे उपाय थकल्यावर. चक्कर, कोरडं तोंड, जडपणा सोबत येतोच. यानं कॅन्सर पळतो, साखर जाते असले जे फॉरवर्ड आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतात त्या थापा आहेत. वोवोंना झोप लागते. रोज नाही, पण लागते.

माझ्या डोक्यात मात्र गांजा म्हटलं की दोनच चित्रं होती. एक १९९१-९२च्या सिंहस्थातलं: त्र्यंबकेश्वरला राख फासलेले साधू, चिलीम, आणि माझे डोळे झाकणारी मावशी. दुसरं वर्तमानपत्रातलं: सातपुड्याच्या पायथ्याशी कपाशीत नाहीतर तुरीत लपवलेली झाडं उपटून त्यांच्या ढिगामागे रांगेत उभे राहिलेले पोलीस. भारतातल्या १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसतं पान त्यात येत नाही, म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत. एकाच झाडाच्या अंगावर कायद्याची रेघ ओढलेली. त्याच्याही आधी, इंग्रजांनी १८९३-९४मध्ये गांजा-भांगेवर नेमलेल्या चौकशी आयोगानं हजाराहून जास्त साक्षीदार तपासले, तेव्हा आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यात हे पीक राजरोस घेतलं जात होतं. दादांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग त्यात काय, कोरडवाहूच ते." जिल्ह्यांचा मानापमान निफाडकर सोडत नाहीत.

त्या काळी बंगालात, नौगावकडे, शेतात नर झाडं ओळखून उपटायला खास माणूस बोलवत. त्याला पोद्दार म्हणत. नर राहिला तर माद्यांत बी धरतं, आणि बी धरलं की राळ, म्हणजे ज्यात औषध असतं तो चीक, घटते. वोवोंना पोद्दार लागत नाही. मादीच निघेल असं बी विकत मिळतं. मे महिन्यात व्हिक्टोरिया डेची सुट्टी झाली की रोपं बाहेर येतात, जून-जुलैत आडवीतिडवी वाढतात. मग ऑगस्टमध्ये रात्र जराशी लांबली की ती ओळखतात. माणसाला लक्षातही येत नाही इतका तो फरक. झाड फुलोऱ्याकडे वळतं आणि शेंड्यांवर पांढऱ्या केसांचे झुबके दिसू लागतात.

इथपर्यंत सगळं सोपं असतं. खरी कसोटी सप्टेंबरच्या शेवटी लागते.

तुरे पिकायला आठ-दहा आठवडे लागतात. ऑगस्टच्या मध्यापासून मोजलं तर मधला ऑक्टोबर येतो. आणि आमच्याकडे पहिलं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या आगेमागे पडतं. झाडाचं पंचांग आणि गावाचं पंचांग यांत दहा-बारा दिवसांची तफावत. ती कधीच मिटत नाही, दर वर्षी तिच्यातून वाट काढावी लागते.

पिकलं की नाही हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. केस पांढऱ्याचे तांबूस झाले की नवशिक्याला वाटतं झालं. वोवोंकडे सोनाराचं भिंग आहे. तुऱ्याच्या अंगावर राळेचे बारीक ठिपके असतात, देठावर उभ्या राहिलेल्या टाचणीच्या टोकासारखे. आधी ते काचेसारखे निर्मळ असतात. मग दुधाळ होतात. मग एकेक करून मधाच्या रंगाचे. निर्मळ असताना कापलं तर औषध कच्चं. सगळे मधाळ होईपर्यंत थांबलं तर गुंगी जास्त. वोवोंना बहुतेक दुधाळ आणि दहातला एखादा मधाळ असं हवं असतं. त्यांच्या हाताला कंप आहे, म्हणून भिंग माझ्या डोळ्याला.

हे मी दादांना सांगितलं तेव्हा ते खुलले. द्राक्षाचा ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघायचं त्यांचं ते छोटं यंत्र, एक थेंब रस टाकून उन्हाकडे धरायचं, ते त्यांनी मला लहानपणी कितीदा डोळ्याला लावायला दिलं होतं. साखर भरली नाही तर व्यापारी नाक मुरडतो. साखर भरायची वाट बघत बसलं तर अवकाळी येतो, गारा येतात, मणी तडकतात. "सतरा झालेत, अजून चार दिवस थांबू," असं म्हणून थांबलेला माणूस पाचव्या दिवशी बागेत डोक्याला हात लावून बसलेला मी घरातच पाहिला आहे. त्यामुळे दादा रोज विचारू लागले. "दुधाळ किती झाले?" आई मागून ओरडायची, "बापलेक दूध डेअरी काढताय का?"

थंडीच्या आधी येते ती बुरशी. ग्रँडच्या काठाला सप्टेंबरपासून सकाळचं धुकं असतं, नऊ-दहापर्यंत उठत नाही. तुरे मुठीएवढे, गच्च. आत शिरलेली ओल बाहेर येत नाही. एके सकाळी वोवोंनी मला एका तुऱ्यातून वर आलेलं एकच पिवळं पान दाखवलं. बाजूची सगळी हिरवी, हे एकटंच मेलेलं. त्यांनी ते चिमटीनं ओढलं तर काही न धरता अलगद हातात आलं. तुरा फोडून पाहिला: आत करडी लव, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि मधला दांडा तपकिरी, मऊ.

बोट्रायटिस. मी हे नाव दादांना सांगायची गरजच नव्हती. हीच करडी बुरशी द्राक्षाच्या घडात शिरते, अगदी हीच. भुरी आणि डावणी या द्राक्षाच्या रोगांशी त्यांचं जन्माचं वैर आहे, पण याबाबत त्यांचा आवाज वेगळा झाला. "दिसतीये त्याच्या चार बोटं खालून काप. कात्री पुसून घे. काढलेलं तिथं टाकू नको, पिशवीत बांध." जे फवारे आमच्या बागेत चालतात ते इथे चालणार नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. औषधावर औषध कसं मारणार? तेव्हापासून माझं सकाळचं काम ठरलं. ऑफिसच्या आधी जाऊन दोन्ही झाडं बुंध्याशी धरून हलवायची, दव झाडायचं. ग्रँडच्या थंड पाण्याचे शिंतोडे तोंडावर घेत मी रोज एका पोर्तुगीज बाईचा गांजा झटकत होते. हे वाक्य माझ्या लग्नाच्या बायोडाटात शोभलं असतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी फोन किणकिणला. हवामान खात्याचा इशारा: रात्री पारा शून्याच्या आसपास, दहिवराची शक्यता. भिंगातून सकाळीच पाहिलं होतं. दुधाळ निम्म्याहून जास्त, मधाळ जवळपास नाहीतच. अजून आठ दिवस हवे होते.

भारतात तेव्हा मध्यरात्र उलटली होती. तरी मी फोन केला. दादांनी पहिल्या रिंगला उचलला. या वयात झोप नसते म्हणतात, मला वाटतं ते वाट बघत होते.

"आभाळ कसंय?"

"स्वच्छ."

"वारा?"

"नाही."

"मग पडणार."

निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाचवर येतो, कधी त्याहून खाली, आणि पेपरात दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात. त्या रात्री आमच्याकडे कुणी झोपत नसे. बागेच्या कडेनं शेकोट्या, ओल्या काड्यांचा धूर, आणि पहाटे विहिरीचं पाणी सोडायचं, कारण ते हवेपेक्षा ऊबदार. सकाळी शाळेत गेलं की वर्गातल्या निम्म्या पोरांच्या स्वेटरला धुराचा वास. ढग असले की दादा निर्धास्त झोपायचे. "आभाळानं गोधडी घातलीये," म्हणायचे. चांदण्या चमकल्या की उठून बसायचे.

केंब्रिजमध्ये परसात शेकोट्या पेटवल्या तर अग्निशामक दल येईल. म्हणून चादरी. वोवोंनी कपाटातून जुन्या सुती चादरी काढल्या, मी माझी एक सोलापुरी आणली. पानांना टेकू नयेत म्हणून टोमॅटोच्या काठ्यांवर ताणल्या. पण त्याआधी ठरवायचं होतं. सगळं कापायचं, की थांबायचं?

वोवो बराच वेळ काही बोलल्या नाहीत. भिंतीजवळचं झाड त्यांनी खालून वर पाहिलं, मग कुंपणालगतचं. मग सरळ म्हणाल्या की भिंतीचं झाड आज, सगळं. कुंपणाच्या झाडाचे फक्त वरचे तुरे, ज्यांना ऊन जास्त मिळालं ते. खालचे पिकू देत. "आणि गेले तर?" मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले, म्हणजे डावा उडवला. वर्षभराचं औषध आहे, बाजारात नेऊन भाव पाडून विकायचा माल नाही. अर्धं हातात हवंच, उरलेल्या अर्ध्यावर जुगार. आमच्या घरात हा निर्णय घ्यायला तिघा काकांची बैठक बसायची आणि भांडण व्हायचं.

कात्री मीच चालवली. अंधार पडता पडता, कपाळावर हेडलाइट लावून. दांडा अंगठ्याएवढा, आत पोकळ, कापला की ओल्या गवताचा, सालीसकट आंब्याचा आणि जरा घुशीच्या बिळाचा असा एकत्र वास. वोवो खाली खुर्चीवर बसून मोठी पानं खुडत होत्या. त्यांनी हात पुढे करून काहीतरी मागितलं, इंग्रजी शब्द आठवेना म्हणून पोर्तुगीजच वापरला: "गामेला." मी विचार न करता घमेलं उचलून दिलं. दोघीही थांबलो. हे घमेलं मी होम डिपोतून आणलेलं, पण शब्द मात्र काही शतकांपूर्वी गोव्याच्या धक्क्यावर उतरलेला. पगार, चावी, तुरुंग, परात, सगळे त्यांचेच. त्यांच्यातलाच एक वैद्य, गार्सिया द ओर्ता, गोव्यात राहिला आणि त्याच्या १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात भांगेवरही प्रकरण आहे. त्याचे नोकर त्याला न सांगता भांग घ्यायचे, आणि काम जाणवत नाही, मन खूश होतं, भूक लागते असं सांगायचे. मी हे वोवोंना सांगितलं. त्या म्हणाल्या, भूक लागते हे खरं आहे.

पानं कापता कापता हाताला चीक बसतो. काळपट, चिवट, साबणाला दाद न देणारा. हिमालयात हाच चीक हातावर चोळून चरस काढतात. माझ्या बोटांवर नकळत तेच चाललं होतं. तेलानं पुसावं लागतं. पण जॅकेटचं काय? दिवाळीला मी भारतात जाणार होते. ते जॅकेट घालून विमानतळावरच्या कुत्र्यासमोर उभी राहिलेली मी स्वप्नात दोनदा दिसले. शेवटी ते वोवोंच्या तळघरातच टांगून ठेवलंय, त्यांच्याच पिकाशेजारी.

तळघरात दोऱ्या बांधल्या आणि फांद्या उलट्या टांगल्या. अंधार, सतरा-अठरा अंश, पंखा भिंतीकडे तोंड करून. थेट वारा लागला तर वरून कडक आणि आतून ओलं राहतं. बेदाण्याच्या शेडमध्ये हेच सांगतात. सावलीत वाळला तो हिरवा, उन्हात वाळला तो काळा. घाई केली तर वाळलेल्या गवताचा वास येतो. बारा दिवसांनी बारीक काडी वाकली नाही, कट्‌कन मोडली, तेव्हा बरण्यांत भरलं. टांगलेल्या ओल्या वजनाचा जेमतेम पाचवा हिस्सा उरला. पहिले दोन आठवडे बरण्यांची झाकणं रोज थोडा वेळ उघडायची, आतली ओल बाहेर काढायची. लोणच्यासारखं नाही, उलट. लोणच्यात हवा जाऊ नये म्हणून आपण जीव टाकतो.

त्या शुक्रवारच्या रात्री दहिवर पडलंच. सकाळी गवत पांढरं, माझ्या सोलापुरी चादरीवर बारीक स्फटिक, आणि चादरीखाली कुंपणाचं झाड ठणठणीत. पानांना कडेनं जांभळी झाक आलेली, थंडीनं येते तशी. वोवो खूश. आम्ही रोज संध्याकाळी चादरी घालायचो, सकाळी काढायचो. भिंगात मधाळ ठिपके दिसू लागले. इथल्या, ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सोमवारनंतर तीन दिवसांनी पारा उणे चारवर गेला. चादर पुरली नाही. सकाळी पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती, आणि ती कापून आत पाहिलं तर तीन तुऱ्यांत करडी लव. वोवोंनी चांगले राहिलेले दोन काढले, बाकी पिशवीत बांधलं, कात्री पुसली. दादांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "जुगार बरा झाला. दोन मिळाले."

त्याच आठवड्यात त्यांच्याकडे ऑक्टोबर छाटणी चालू होती. इथे आम्ही सगळं काढून मोकळे, तिथे वेलाच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्यांच्या जागी, पेस्ट लावून नवा हंगाम सुरू. एकशेवीस दिवस मोजायचे, मग पुन्हा ते आकाशाकडे बघायला लागतील.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वोवोंचा दिवा दिसतो. गेली तीन वर्षं तो रात्री दोनला, तीनला जळत असतो. नव्या पिकाचं तेल त्यांनी गेल्या आठवड्यात केलं, ऑलिव्हच्या तेलात, मंद आचेवर. घर दोन दिवस वासानं भरलं होतं. परवा दिवा साडेबाराला विझला. काल पुन्हा तीनपर्यंत होता.

आज सकाळी बरण्या उघडायला गेले तर त्या परसात उभ्या होत्या, कोटाची उजवी बाही रिकामी, हात आत धरलेला. टोमॅटोच्या वाळक्या काड्या उपटून त्यांनी भिंतीलगतची जागा मोकळी केली होती. दिवसभराचं ऊन ती वीट रात्री परत देते, म्हणाल्या. पुढच्या वर्षी दोन्ही झाडं इथे, आणि बी आठ दिवस लवकर येणारं. पावलांनी मोजून त्यांनी दोन खुणा केल्या, मग माझ्याकडे वळल्या. "तुझ्या वडिलांना विचार, भिंतीपासून किती लांब."